हाडाचे वय आणि थराचे वय

दादरला झालेल्या माझ्या एका व्याख्यानानंतर, पुरातत्त्वाचा अभ्यास नुकताच सुरू केलेल्या एका विद्यार्थिनीने वहीचे पान फाडून त्यावर तीन प्रश्न लिहून दिले. गुहेत सापडलेले आदिमानवाचे हाड तीन लाख वर्षांचे आहे हे कशावरून ठरवतात. हाडाचा तुकडा कार्बन डेटिंगला पाठवला की तारीख मिळते का. आणि कान्हेरी, जोगेश्वरी, महाकाली, घारापुरी अशा एवढ्या गुहा मुंबईच्या अंगणात असताना त्यांत आदिमानवाचे अवशेष का मिळत नाहीत. सभागृहाची वेळ संपली होती, त्यामुळे तेव्हा पाच मिनिटांत उरकावे लागले. ते उत्तर अपुरे होते, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते आणि पुढचे समजायला त्याचा उपयोग होतो. मुंबईतल्या ज्या जागांना आपण रोजच्या बोलण्यात गुहा म्हणतो ती लेणी आहेत. माणसांनी छिन्नी-हातोड्याने खडकात कोरलेली, आणि तीही गेल्या सुमारे दोन हजार वर्षांतली. आपल्याकडचा खडक ज्वालामुखीचा, मुख्यतः बेसाल्ट. चुनखडीच्या डोंगरात पावसाचे पाणी फटींतून मुरत जाते, खडक हळूहळू विरघळवते आणि लाखो वर्षांत आत दालने तयार होतात. बेसाल्टमध्ये तशा गुहा होत नाहीत. चुनखडीच्या गुहेचा दुसरा फायदा असा की तिथल्या गाळात चुना भरपूर असतो आणि अशा गाळात हाड टिकते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे आणि त्यावर दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा मातीत पुरलेले हाड काही शतकांतच भुसभुशीत होऊ लागते, लाखो वर्षांचा तर प्रश्नच नाही. याचा अर्थ इथे माणूस नव्हता असा मात्र काढू नये. के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीच्या खडी-गाळाच्या थरांतून गोळा केलेल्या अश्मयुगीन हत्यारांचे वर्णन १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. आज तिथे इमारती उभ्या आहेत, पण हत्यारे घडवणारी माणसे या बेटाच्या आसपास वावरत होती हे त्या दगडांनी सांगितले आहे. हाडे हवी असतील तर मात्र चुनखडीकडे जावे लागते. आपल्या देशात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ च्या सुमारास आंध्रातल्या कर्नूलजवळच्या बिल्लासुर्गम गुहांत खोदकाम केले, तेव्हा तिथल्या गाळातून प्राण्यांच्या हाडांचा मोठा साठा निघाला, तो याच कारणाने.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हाडाचे वय सांगितले जाते तेव्हा बहुतेक वेळा हाडाचे वय मोजलेले नसते. मोजलेले असते ते त्याच्या शेजारच्या कोळशाचे, वरच्या चुन्याच्या थराचे, भोवतालच्या वाळूच्या कणांचे किंवा त्याच थरात मिळालेल्या भाजलेल्या दगडाचे. या वस्तूचे वय तेच हाडाचे वय, असे म्हणायचे असेल तर दोन्ही एकाच वेळी तिथे आल्या हे आधी सिद्ध करावे लागते आणि ते काम प्रयोगशाळेतले यंत्र करू शकत नाही. ते खड्ड्यात उभे राहून, मातीकडे बघून करायचे असते आणि एकदा माती काढली की पुन्हा करता येत नाही. मी जवळजवळ तीस वर्षे खोदकाम केले आहे. चुकीच्या तारखांची जी प्रकरणे मला माहीत आहेत, त्यांतल्या थोड्यांतच यंत्र चुकले होते. बाकीच्यांत नमुना आणि हाड यांचे नाते चुकीचे मानले गेले होते.

जर्मनीतल्या फोगेलहर्ड गुहेचे उदाहरण घ्या. १९३१ मध्ये तिथे मानवी कवटी आणि इतर हाडे मिळाली. त्याच गुहेतून हस्तिदंताच्या सुंदर छोट्या प्राण्यांच्या मूर्ती निघाल्या होत्या आणि त्यांचा काळ तीस हजार वर्षांहून जुना मानला जातो. कवटी त्याच थरांत होती, म्हणून मूर्ती घडवणारा माणूस हाच, असे सत्तर वर्षे धरले गेले. २००४ मध्ये थेट त्या हाडांचेच कार्बन-मापन झाले आणि ती जेमतेम चार-पाच हजार वर्षांपूर्वीची निघाली. नवाश्मयुगातल्या लोकांनी आपला मृत माणूस पुरण्यासाठी जुन्या थरांत खड्डा केला होता. त्या खड्ड्याची कड खोदणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. जमिनीत खोल असणे म्हणजे जुने असणे नव्हे, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, आणि तरीही पहिले हाड दिसले की सगळे आधी खोली मोजायला धावतात.

याहून सूक्ष्म चूक इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या लिआंग बुआ गुहेत झाली आणि ती ज्या रीतीने दुरुस्त झाली ती मला आमच्या विषयातली फार आदराची गोष्ट वाटते. २००३ मध्ये सुमारे सहा मीटर खोलीवर एका बुटक्या मानवाचा सांगाडा मिळाला. उंची एक मीटरच्या आसपास, मेंदू संत्र्याएवढा. गाळ इतका ओला होता की हाड भिजलेल्या टीपकागदासारखे मऊ झाले होते, हात लावला असता तर लगदाच झाला असता. खोदणाऱ्यांनी ते तीन दिवस तसेच सुकू दिले आणि नखांचा रंग काढायचे द्रावण व गोंद यांचे मिश्रण चढवून ते घट्ट केले, मग भोवतालच्या मातीच्या ढेकळांसकट उचलले. २००४ मध्ये हा होमो फ्लोरेसिएन्सिस जगापुढे आला तेव्हा त्याचे वय सुमारे १८ हजार वर्षे सांगितले गेले. आपल्यासारखी माणसे पृथ्वीवर सगळीकडे पसरलेली असताना एका बेटावर ही वेगळी जात जिवंत होती, असा त्याचा अर्थ होत होता. तारीख ज्या कोळशावरून काढली तो कोळसा खरा होता आणि मोजणीही बरोबर होती. पण पुढे काही वर्षे त्याच गुहेत, पहिल्या खंदकांच्या शेजारी, थॉमस सुतिक्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोदकाम चालू ठेवले, तेव्हा जमिनीखाली एक तिरपी, धुपलेली पातळी दिसली. जुना गाळ कधीतरी पाण्याने कापून नेला होता आणि त्या उतारावर कितीतरी नवा गाळ येऊन बसला होता. सांगाडा उताराच्या एका बाजूच्या जुन्या गाळात होता आणि कोळसा दुसऱ्या बाजूच्या नव्या गाळात, पण दोघांची खोली जवळपास सारखी. २०१६ मध्ये सुधारित निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हाडे सुमारे १ लाख ते ६० हजार वर्षांपूर्वीची, दगडी हत्यारे १ लाख ९० हजार ते ५० हजार वर्षांपूर्वीची. ज्या गटाने पहिली तारीख दिली होती त्यातलीच काही माणसे पुढे येऊन ती मागे घेत होती.

म्हणूनच खोदण्याची पद्धत आधी समजावून घ्यायला हवी. गुहेत काम सुरू करताना जमिनीवर एक एक मीटरचे चौकोन सुतळीने आखतात आणि भिंतीवर एक कायमची खूण करतात. त्या खुणेपासून प्रत्येक वस्तूचे अंतर, दिशा आणि खोली मोजली जाते. हल्ली टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक मोजणी-यंत्राने, पूर्वी ओळंबा, टेप आणि डंपी लेव्हल या पातळी मोजायच्या दुर्बिणीने. खोदाई थरानुसार होते. मातीचा रंग, कणांचा आकार, ओलसरपणा, ट्रॉवेल म्हणजे खोदायची छोटी थापी लावल्यावर होणारा आवाज यांतले काहीही बदलले की थर बदलला असे धरून हात थांबवायचा. एकच थर जाड असेल तर त्याचेही दोन-पाच सेंटिमीटरचे पापुद्रे काढायचे. सगळी माती पिशव्यांत भरून, चिठ्ठी लावून चाळणीकडे जाते आणि शेवटी एक-दोन मिलिमीटरच्या जाळीवर पाण्याने धुतली जाते. उंदरांचे दात, माशांचे काटे, दगडी पात्यांच्या कपच्या आणि कधी बोटाच्या टोकाचे पेरभर हाड तिथेच मिळते. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत २००८ मध्ये मिळालेले बोटाचे हाड असेच लहानसे होते आणि त्यातल्या डीएनएवरून २०१० मध्ये मानवाची एक संपूर्ण अज्ञात शाखा समजली. चाळणीवर बसणाऱ्या मुलांना आपले काम दुय्यम वाटते, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगते.

हाड दिसू लागले की ट्रॉवेल बाजूला ठेवायचा. लोखंड हाडावर ओरखडा पाडते आणि पुढे कोणी तो ओरखडा दगडी सुरीचा समजू शकतो. आम्ही बांबूच्या कामट्या तासून घेतो, लाकडी टूथपिक वापरतो आणि मऊ ब्रशने धूळ हाडापासून बाहेरच्या दिशेने झाडतो. पालथे पडून, कोपर उशीवर टेकवून, एका बरगडीच्या दोन्ही बाजूंची माती काढायला सकाळचा सगळा वेळ जातो. हाडावर गोंद किंवा रसायन लावण्याआधी त्यातला एक भाग तसाच अस्पर्शित काढून ठेवायचा हा नियम आहे, कारण गोंदातला कार्बन पुढे कालमापनात मिसळतो आणि उघड्या हातांचा, शिंकेचा, घामाचा डीएनए हाडात उतरतो. ज्यांना डीएनए हवा आहे ते आता हातमोजे आणि मास्क घालून, साहित्य ब्लीचने पुसून, हाड उघडे पडताच नमुना घेतात. उष्ण हवेत डीएनए फार लवकर तुटतो; थंड सायबेरियात जे मिळते त्याची अपेक्षा आपल्याकडे ठेवता येत नाही.

थरांच्या खुणा बिघडवणारे गुहेत पुष्कळ असतात. साळिंदर बीळ करते, हाडे ओढून आणते आणि दात घासायला कुरतडते. मुंग्या आणि वाळवी बारीक कण वर-खाली नेतात. वटवाघळांच्या विष्ठेतून येणारी आम्ले गाळाचा रंगच बदलतात. छतातून दगड कोसळतो आणि खालच्या ओल्या गाळात दबून बसतो. माणसे स्वतःच राख झाडतात, चुली हलवतात, मृतांना पुरतात. यातले एक प्रकरण मी स्वतः भोगले आहे. अनेक वर्षांपूर्वी विंध्याच्या वालुकाश्मातल्या एका शैलाश्रयात, म्हणजे पुढे आलेल्या खडकाखालच्या निवाऱ्यात, आम्ही खोदत होतो. सुमारे मीटरभर खोल, मध्याश्मयुगीन बारीक पात्यांच्या थरात, कोळशाचे तीन चांगले टपोरे तुकडे मिळाले. मी त्यांचे फोटो घेतले, खोली लिहिली, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळले आणि पाठवले. दहा हजार वर्षांच्या आसपासची तारीख येईल असे मी मनाशी धरून बसले होते. उत्तर आले ते काही शतकांचे. प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, अशी माझी खात्री होती आणि तसे पत्रही मी लिहून ठेवले होते. सुदैवाने ते टपालात टाकण्याआधी मी पुढच्या मोसमात त्याच छेदासमोर, म्हणजे खंदकाच्या उभ्या कापलेल्या भिंतीसमोर, जाऊन बसले. सकाळचा उजेड छेदावर तिरपा पडत होता. त्या उजेडात मातीत एक गोलसर डाग दिसला, पसरट ताटलीएवढा, भोवतीच्या लालसर मातीहून किंचित करडा. बोटाने दाबला तर बाजूची माती कडक आणि डागातली माती रव्यासारखी मोकळी. साळिंदराचे जुने बीळ. ते वरून तिरपे खाली आले होते आणि अलीकडच्या चुलीचा कोळसा त्यातून थेट जुन्या थरात उतरला होता. माझ्या वहीत त्या चौकोनापुढे ‘माती किंचित सैल’ असे माझ्याच अक्षरांत लिहिलेले होते. लिहिले होते, पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता. तेव्हापासून छेद पाण्याने हलका फवारून, सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन उजेडांत पाहिल्याशिवाय मी कालमापनासाठी एकही नमुना काढू दिलेला नाही.

आता कार्बन डेटिंग. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जिवंत प्राणी आणि वनस्पती हवेतला कार्बन घेत राहतात. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो. मृत्यूनंतर तो भरला जात नाही आणि दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. ५० हजार वर्षांनी मूळच्या पाव टक्क्याहूनही कमी उरतो आणि पद्धतीची धाव तिथे संपते. त्यामुळे तीन लाख वर्षांचे हाड कार्बनने मोजता येत नाही, हे दुसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर. पण धोका या मर्यादेच्या अलीकडे जास्त आहे. समजा एखादे हाड लाखो वर्षांचे आहे, त्यात मूळ कार्बन-१४ काहीच उरलेला नाही आणि पाण्याबरोबर आलेल्या आम्लांतून किंवा हाताळणीतून त्यात फक्त एक टक्का आजचा कार्बन शिरला, तर यंत्र सुमारे ३७ हजार वर्षे अशी नेटकी तारीख देईल. ती चुकीची आहे हे त्या आकड्यावरून कोणालाही कळणार नाही.

वेल्समधल्या पॅव्हीलँड गुहेतला सांगाडा याचा उत्तम नमुना आहे. विल्यम बकलंड यांना तो १८२३ मध्ये मिळाला. हाडांवर गेरू फासलेला होता, त्यांनी तो रोमन काळातल्या स्त्रीचा मानला आणि ‘रेड लेडी’, म्हणजे लाल स्त्री, हे नाव त्याला चिकटले. खरे म्हणजे तो तरुण पुरुष होता. १९६० च्या दशकात कार्बन-मापनाने सुमारे १८ हजार वर्षे आली, पुढे सुमारे २६ हजार, आणि हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाचे लहान तुटके रेणू गाळून टाकण्याची पद्धत आल्यावर सुमारे २९ हजार कार्बन-वर्षे, म्हणजे प्रत्यक्षात ३३ हजार वर्षांच्या आसपास. प्रत्येक वेळी हाड तेच होते. त्याची स्वच्छता सुधारत गेली तसे वय वाढत गेले. ‘कार्बन-वर्षे’ आणि ‘प्रत्यक्ष वर्षे’ हा फरकही लक्षात ठेवा. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, म्हणून झाडांच्या वर्षवलयांशी आणि इतर नोंदींशी ताडून मिळालेली वर्षे दुरुस्त करावी लागतात, आणि अशा तारखांत ‘आजपासून’ म्हणजे १९५० सालापासून मागे मोजतात. बातमीत किंवा पुस्तकात आकडा वाचाल तेव्हा तो दुरुस्त केलेला आहे की नाही हे आधी पाहा. आमच्या पिढीने जुने अहवाल वाचताना यात खूप वेळ घालवला आहे.

मुंबईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट इथेच सांगते. भारतातली पहिली कार्बन-१४ प्रयोगशाळा आपल्या शहरात होती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. धर्मपाल अग्रवाल, शीला कुसुमगर आणि देवेंद्र लाल यांच्या कामातून १९६० च्या दशकात कालीबंगन, लोथल यांसारख्या स्थळांना पहिल्यांदा स्वतंत्र कालगणना मिळाली. जुन्या उत्खनन-अहवालांत तारखेआधी ‘टीएफ’ ही अक्षरे दिसली की तो नमुना मुंबईत मोजलेला आहे असे समजावे. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. आज दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये त्वरक यंत्राने कार्बनचे अणूच मोजले जातात, त्यामुळे जिथे पूर्वी मूठभर कोळसा लागे तिथे आता धान्याचा एक जळका दाणा पुरतो. हा बदल केवळ सोयीचा नाही. मूठभर कोळसा अनेक चुलींचा मिसळलेला असू शकतो. एक दाणा एकाच हंगामातला असतो.

५० हजार वर्षांपलीकडे गेल्यावर तीन मार्ग मुख्य. पहिला ल्युमिनेसन्सचा. वाळूचे क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण आसपासच्या मातीतली किरणोत्सारी ऊर्जा साठवत राहतात; सूर्यप्रकाशाने किंवा विस्तवाच्या उष्णतेने हा साठा रिकामा होतो आणि कण पुन्हा गाडला गेला की भरणे शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत प्रकाश किंवा उष्णता देऊन साठलेली ऊर्जा मोजतात, वर्षाला किती भरते हे जागेवर मोजतात आणि भागाकार करतात. नमुना घेताना धातूची नळी छेदात ठोकून दोन्ही तोंडे काळ्या कापडाने बांधतात. उजेडाची एक तिरीप गेली तरी नमुना वाया जातो. गुहेत अडचण अशी की काही कण छतातूनच सुटून पडलेले असतात आणि त्यांनी सूर्य कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून आता एकेक कण वेगळा मोजून असे कण बाजूला काढतात. गाळात पाणी किती होते हाही कळीचा प्रश्न आहे, कारण पाणी किरणे अडवते. ओलाव्याचा अंदाज चुकला तर वयही त्याच प्रमाणात चुकते.

दुसरा मार्ग युरेनियम-थोरियमचा. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे गुहेत चुन्याचे पाणी ठिबकून बनलेल्या ताज्या लवणस्तंभात युरेनियम असते आणि थोरियम नसते; पुढे युरेनियमपासून थोरियम तयार होत जाते आणि त्यांचे प्रमाण घड्याळासारखे चालते. साधारण पाच-सहा लाख वर्षांपर्यंत ते वापरता येते. हाडाच्या वर चुन्याचा पापुद्रा चढलेला असेल तर हाड त्याहून जुने, खाली असेल तर त्याहून नवे, अशी दोन्हीकडून मर्यादा घालता येते, आणि गुहेत मला हा पुरावा सगळ्यात भरवशाचा वाटतो. हाडावर मात्र हीच पद्धत थेट वापरताना सावध राहावे. जिवंत हाडात युरेनियम नसतेच म्हटले तरी चालेल. ते जमिनीतल्या पाण्यातून नंतर शिरते, कधी शिरले ते ठाऊक नसते, आणि कधी पुन्हा बाहेरही जाते. म्हणून असे वय बहुधा किमान वय म्हणूनच घ्यायचे. तिसरा मार्ग दातांच्या एनॅमलवरच्या इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचा. एनॅमल स्फटिकासारखे असल्याने वाळूच्या कणांप्रमाणेच ऊर्जा साठवते. युरेनियम कसे शिरले याचा अंदाज या दोन्ही पद्धती एकत्र करून बांधता येतो.

तुमच्या प्रश्नातले तीन लाख वर्षांचे हाड बहुधा मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे असावे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅराइटच्या खाणीत खाणकामगारांना तिथे कवटी मिळाली आणि ती सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीची मानली गेली. जाँ-जाक यूब्लाँ, अब्देलवाहेद बेन-न्सर आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून तिथे पुन्हा काम केले. खाणीने बहुतेक गाळ नष्ट केला होता, पण एक छोटा भाग शाबूत होता. त्यात मानवी हाडे आणि चुलीच्या धगीने भाजलेली गारगोटीची हत्यारे एकाच थरात मिळाली. विस्तवाने दगडातला साठा शून्य केलेला, म्हणजे माणसाने चूल पेटवली तो क्षणच मोजता आला. २०१७ मध्ये वय प्रसिद्ध झाले, सुमारे ३ लाख १५ हजार वर्षे, इकडे-तिकडे ३४ हजारांच्या फरकाने. त्याच ठिकाणच्या एका दातावरून स्वतंत्रपणे सुमारे २ लाख ८६ हजार आले. दोन आकडे अगदी सारखे नाहीत, पण दोन्हींच्या त्रुटीच्या मर्यादा एकमेकींवर येतात. ‘इकडे-तिकडे ३४ हजार’ हा भाग बातमीत गळतो. तो निष्कर्षाचाच भाग आहे, त्याच्यावाचून मधल्या आकड्याला अर्थ नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत २०१३ मध्ये होमो नालेदी या मानवाच्या वेगळ्या जातीची हाडे मिळाली. आत जायची फट काही ठिकाणी वीतभराहून कमी, म्हणून सडपातळ बांध्याच्या सहा महिला संशोधकांनी खोदकाम केले. पंधराशेंहून जास्त अवशेष निघाले. लहान मेंदू आणि जुनी ठेवण पाहून अनेकांनी ती वीस लाख वर्षांची असतील असा अंदाज बांधला होता. दात, चुन्याचे थर आणि गाळ मोजल्यावर २०१७ मध्ये वय ठरले ते २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार. चुन्याचे नमुने दोन प्रयोगशाळांना एकमेकींचे निकाल न कळू देता दिले होते. हाडाच्या रूपावरून वय ठरवू नये, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या देशातली परिस्थितीही सांगायला हवी. भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात हथनोरा येथे नर्मदेच्या खडीच्या थरात आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. तो गुहेतला नाही, नदीच्या थरातला आहे, आणि नदी जुने-नवे एकत्र वाहून आणते. त्यामुळे त्याच्या वयावर आजही वाद आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या बोरी गावी, कुकडी नदीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याशी निगडित दगडी हत्यारे मिळाली आहेत. त्या राखेला कोणी १४ लाख वर्षे दिली, कोणी ६ लाख ७० हजार, तर कोणी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानली. पुण्याहून काही तासांत पोहोचता येईल अशी ती जागा आहे. तुम्हाला खरोखर हा विषय करायचा असेल तर पहिल्या सुट्टीत तिथे जा, काही उचलू नका, फक्त नदीकाठच्या छेदासमोर बसून तो कागदावर काढा. राख कुठे सलग आहे, कुठे वाहून येऊन साचलेली दिसते, हत्यारे तिच्या वर, आत की खाली, हे स्वतःच्या पेन्सिलीने उतरवा. वाद कशाचा आहे ते तेव्हा समजेल.

आणि एखाद्या गुहेत तुम्हाला हाड दिसलेच, तर ते तिथेच राहू द्या. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जागेची नोंद करा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. आपल्याकडे परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. उचललेले हाड संग्रहालयाच्या कपाटात शोभते, पण ज्या मातीवरून त्याचे वय ठरले असते ती मागे राहिलेली असते.

परवाना मिळाला तरी आम्ही सगळे खोदत नाही. जेबेल इरहूदचे वय ठरले ते खाणीतून वाचलेल्या थोड्याशा गाळामुळे, आणि लिआंग बुआची चूक सुधारली ती न खोदलेली जमीन शिल्लक होती म्हणून. त्या शैलाश्रयात शेवटच्या मोसमात आम्ही निम्म्याहून जास्त भाग हात न लावता ठेवला. खंदक बुजवण्याआधी तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर त्या वर्षाचे रुपयाचे नाणे ठेवले आणि मग धुतलेली चाळणीची माती परत आत लोटली. पुढे कोणी तिथे ट्रॉवेल लावील तेव्हा त्याला आमचा थर कोणता आणि जुना थर कोणता हे ते नाणे सांगेल.